मांजर कसं चालतं, सांगा पाहू!



मागच्या महिन्यात एका शनिवारी आमच्या वर्गात चित्रकलेचा तास होता. विषय अगदी सोपा : 'माझा आवडता प्राणी'. कुणी कुत्रा काढत होतं, कुणी बैल. एकीने तर हत्ती काढून त्याच्या पाठीवर स्वतःलाच बसवलं होतं! मी बाकांमधून फिरत फिरत शेवटच्या रांगेत पोचले, तर तिथे एका मुलाचा कागद कोरा. अगदी कोरा करकरीत.

"काय रे, तुला कुठलाच प्राणी आवडत नाही का?"

"आवडतो की बाई. मांजर. आमच्या घरी आहे."

"मग काढ ना!"

"मला चित्र येत नाही बाई." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि आता काढायचं तरी कशाला? कार्टूनमधली मांजरं कॉम्प्युटरच काढतो की!"

सगळा वर्ग हसला. खरं सांगू? मलाही पटकन उत्तर सुचलं नाही. "बरं, मग कुणाच्या तरी चित्रात रंग भर," असं घाईघाईत म्हणून मी पुढे गेले. पण त्या मुलाचा चेहरा एवढासा झालेला मला दिसला. घरी गेल्यावरही तो कोरा कागद डोळ्यांपुढून हलेना. इतका चांगला प्रश्न विचारला होता त्याने, आणि आपण त्याला रंग भरायला सांगून मोकळे झालो!

म्हणून या आठवड्याच्या आपल्या गप्पा त्याच प्रश्नावर. कॉम्प्युटरने सुरुवातीला मांजर काढलं ते कसं? आणि ते एकट्या कॉम्प्युटरने काढलं का?

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. सिनेमातलं चित्र हलतं, असं आपण म्हणतो. पण खरं तर एकही चित्र हलत नसतं बरं का! पडद्यावर एका सेकंदात २४ स्थिर चित्रं एकामागून एक येतात. प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा किंचित वेगळं असतं. ती इतक्या भराभर येतात, की आपल्याला सलग हालचाल दिसते. आपले दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा सिनेमा १९१३ साली आणला. त्याच्याही आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचं थोड्या थोड्या वेळाने छायाचित्रण केलं होतं. ते पडद्यावर दाखवलं, तेव्हा लोकांना रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसलं. गंमत तीच. एक चित्र, मग किंचित वेगळं दुसरं चित्र, मग तिसरं.

आता हिशेब करा. एका सेकंदाला २४ चित्रं, तर एका मिनिटाला किती? २४ गुणिले ६०, म्हणजे १४४०! ती सगळी हाताने काढायची म्हटलं तर बोटं दुखून येतील की नाही? मग हे काम यंत्राने करावं, असं कुणाच्याही मनात येणारच.

पण अडचण अशी, की कॉम्प्युटरला चित्र म्हणजे काय ते कळत नाही. त्याला कळतात फक्त आकडे. तुमच्या आलेखाच्या कागदावर बिंदू कसा दाखवता? उजवीकडे पाच घरं, वर तीन घरं. झाला बिंदू! दोन बिंदू जोडले की रेघ, आणि रेघा जोडल्या की आकृती. आता त्याच बिंदूचे आकडे थोडे बदलले, पाचाचे सहा केले, तर आकृती जरा सरकली. म्हणजे चित्र हलवायचं असेल तर आकडे बदलायचे. आकडे बदलण्यात मात्र कॉम्प्युटरचा हात कुणी धरू शकत नाही.

१९६३ साली अमेरिकेत बेल लॅब्ज नावाच्या संस्थेत एडवर्ड झजॅक नावाचे एक संशोधक होते. त्यांना कार्टूनबिर्टून काढायचं नव्हतं. त्यांना काळजी होती कृत्रिम उपग्रहाची. पृथ्वीभोवती फिरताना उपग्रहाची एक बाजू कायम पृथ्वीकडे राहावी, त्याने भलतीकडेच तोंड फिरवू नये, यासाठी काय करावं, हा त्यांचा प्रश्न होता. कॉम्प्युटरने गणित केलं आणि उत्तरादाखल आकडेच आकडे दिले. पण नुसते आकडे वाचून उपग्रह कसा डुलतोय हे डोळ्यांपुढे येईना. मग झजॅक यांनी त्या आकड्यांवरून कॉम्प्युटरकडून चित्रं काढून घेतली आणि त्यांचा छोटा सिनेमा बनवला. त्यात एक गोल पृथ्वी आहे, आणि तिच्याभोवती काडेपेटीसारखी एक पेटी डुलत, कलंडत फिरते. बस्, एवढंच! नुसत्या रेघांची पेटी. पण कॉम्प्युटरने बनवलेल्या अगदी सुरुवातीच्या चलचित्रांमध्ये तिचं नाव मानाने घेतलं जातं.

पेटीचं एक बरं असतं. तिला पाय नसतात. ती वाकत नाही, उडी मारत नाही. पण जिवंत प्राणी चालवायचा असेल तर?

त्यासाठी आता आपण जाऊ या तेव्हाच्या सोव्हिएत रशियात, मॉस्को शहरात. साल १९६८. निकोलाय कोन्स्तान्तिनोव नावाच्या गणितज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी ठरवलं, की कॉम्प्युटरकडून मांजर चालवून घ्यायचं. त्यांच्याकडे होता 'बेस्म-४' नावाचा कॉम्प्युटर. आजच्यासारखा मांडीवर मावणारा नव्हे हं! कपाटंच्या कपाटं ओळीने उभी, असलं ते अवजड यंत्र.

आता तुम्ही म्हणाल, मांजराचं एक चित्र काढायचं आणि पाय पुढेमागे करत जायचं, त्यात काय एवढं? पण त्यांना तसं करायचंच नव्हतं. चालताना मांजराचा पाय का उचलला जातो? कारण आतला स्नायू त्याला ओढतो. ओढलं की पायाचा वेग बदलतो. वेग बदलला की पायाची जागा बदलते. झोक्याचंच पाहा ना. धक्का दिला की झोक्याचा वेग बदलतो, आणि मग तो पुढच्या क्षणी कुठे असेल तेही बदलतं. हे नातं गणितात समीकरणांनी मांडता येतं. तुम्ही मोठ्या वर्गांत गेलात की शिकालच. या मंडळींनी मांजराच्या चालण्याची अशी समीकरणं तयार केली. 'आता पाय इथे आहे, तर पुढच्या क्षणी कुठे असेल?' हे कॉम्प्युटरने दर वेळी गणित करून सांगायचं.

पण समीकरण मांडण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. मांजर आधी कोणता पाय उचलतं? मग कोणता? कुठला स्नायू आधी ताणला जातो, कुठला नंतर? कॉम्प्युटर हे सांगू शकत नाही, कारण त्याने मांजर पाहिलेलंच नाही!

मग काय केलं असेल? या गटात विक्तर मिनाखिन नावाचे एक गणिती होते. ते स्वतःच हात आणि पाय जमिनीला टेकून चालायला लागले! आपले कोणते स्नायू कोणत्या क्रमाने ताणले जातात, ते त्यांनी स्वतःच्या अंगाने अनुभवलं. डोळ्यांपुढे आणा बरं! एक मोठा माणूस, गणिताचा जाणकार, मांजरासारखा चार पायांवर चालतोय. आपल्याकडे कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, "अहो, तब्येत बरी आहे ना?" पण त्या रांगण्यातूनच पुढे मांजर चाललं.

आणखी एक अडचण होती. आकडे मिळाले, पण चित्र उमटवायचं कशावर? त्यांनी वापरलं ते कॉम्प्युटरचं छपाईयंत्र, म्हणजे प्रिंटर. त्यावर चित्र छापता येत नसे, फक्त अक्षरं आणि आकडे छापता येत. हरकत नाही! भरतकामात कसे एकेक टाके घालत फूल तयार होतं, तसं कागदावर अक्षराशेजारी अक्षर छापून त्यांनी मांजराचा आकार उमटवला. जवळून पाहिलं तर नुसती अक्षरं, लांबून पाहिलं तर मांजर! असे शेकडो कागद छापले. मग एकेका कागदाचा क्रमाने सिनेमाच्या कॅमेऱ्याने फोटो घेतला. ती फीत चालवली, आणि काय सांगू! काळं मांजर डौलात पाय टाकत चालू लागलं.

या छोट्याशा सिनेमाचं नाव 'कोशेच्का'. रशियन भाषेत कोशेच्का म्हणजे छोटंसं, लाडकं मांजर. कॉम्प्युटरने चालवलेल्या अगदी पहिल्या प्राण्यांमध्ये हे मांजर येतं.

आणि मला शिक्षिका म्हणून फार आवडलेली गोष्ट पुढेच आहे. कोन्स्तान्तिनोव यांनी आपलं बहुतेक आयुष्य शाळेतल्या मुलांना गणिताची गोडी लावण्यात घालवलं. १९८० साली सुरू झालेली 'टूर्नामेंट ऑफ टाउन्स' ही शाळकरी मुलांची गणितस्पर्धा त्यांनीच उभी केली. पुढे अनेक देशांतली मुलं तिच्यात भाग घेऊ लागली. २०२१ साली ते वारले.

आता आमच्या कोऱ्या कागदवाल्या दोस्तासाठी आणखी एक गोष्ट.

अमेरिकेत एड कॅटमल नावाचा एक मुलगा होता. त्याला डिस्नेच्या कार्टून सिनेमांचं भारी वेड. मोठेपणी आपणही असली चित्रं काढायची, हे त्याचं स्वप्न. पण मोठा होता होता त्याला वाटू लागलं, की आपली चित्रकला तेवढी चांगली नाही. मग तो निराश होऊन बसला का? नाही. तो विज्ञान शिकला. कॉम्प्युटर शिकला. आणि युटा विद्यापीठात शिकत असताना त्याच्या मनातलं जुनं स्वप्न पुन्हा वर आलं. हाताने चित्र जमत नाही ना, मग कॉम्प्युटरकडून काढून घेऊ!

१९७२ साली त्याने विषय निवडला तो अगदी जवळचा. स्वतःचा डावा हात! त्याने हाताचा प्लास्टरचा साचा घेतला. साचा काढताना हातावरची लव त्याला चिकटून उपटली गेली, आई गं! मग त्या साच्यातून तयार झालेल्या हातावर त्याने शाईने लहान लहान त्रिकोण आणि बहुकोन आखले. किती? सुमारे ३५०! प्रत्येक कोपरा कुठे आहे ते मोजायचं, आणि ते आकडे कॉम्प्युटरला द्यायचे. केवढं किचकट काम! फ्रेड पार्क हा त्याचा सहकारी होता. दोघांच्या मेहनतीतून एक छोटी फिल्म तयार झाली. तिच्यात तो हात वळतो, बोटं मिटतो, उघडतो. एवढंच नाही, तर कॅमेरा हाताच्या आतसुद्धा शिरतो! अमेरिकेने जपून ठेवायच्या महत्त्वाच्या चित्रपटांच्या यादीत २०११ साली या हाताला जागा मिळाली.

आणि तो मुलगा? १९८६ साली पिक्सार ही कंपनी सुरू करणाऱ्यांपैकी तो एक झाला. याच पिक्सारने १९९५ साली 'टॉय स्टोरी' हा सिनेमा बनवला. संपूर्णपणे कॉम्प्युटरवर तयार झालेला तो जगातला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. तुमच्या आई-बाबांनी तो लहानपणी पाहिला असेल, विचारा त्यांना.

या 'टॉय स्टोरी'तले हिरवे प्लास्टिकचे सैनिक आठवतात? त्यांचे दोन्ही पाय एकाच पट्टीला चिकटलेले असतात. मग असा सैनिक चालेल कसा? हे कळावं म्हणून चित्रं चालवणाऱ्या कलाकारांनी चक्क बूट लाकडी फळीला ठोकले, ते पायांत घातले आणि फळीसकट चालून पाहिलं! मॉस्कोतले मिनाखिन आठवले ना? मध्ये सत्तावीस वर्षं गेली, कॉम्प्युटर कितीतरी पटींनी वेगवान झाले, पण आधी चालून पाहावं लागलं ते माणसालाच.

तर आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल मला. "बाळा, कॉम्प्युटर चित्र काढतो, हे खरं. पण काय काढायचं ते त्याला आधी कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगण्यासाठी आधी नीट बघावं लागतं. आज मोबाइलवर एक वाक्य लिहिलं की चित्र तयार होतं, हेही खरं. पण ती यंत्रं शिकली कशावरून? माणसांनी काढलेल्या आणि टिपलेल्या असंख्य चित्रांवरूनच ना! तेव्हा चित्र येत नसलं तरी चालेल. पण बघणं सोडू नकोस."

करून पाहा

एक जुनी छोटी वही घ्या. तिच्या २४ पानांच्या कडेला, एकावर एक येतील अशी, पट्टीने १६ घरं आखा. प्रत्येक पानावर एक चेंडू काढायचा. चेंडू म्हणजे नुसता ठिपका, म्हणजे 'मला चित्र येत नाही' असं कुणी म्हणायला नको! वरून किती घरं खाली काढायचा, ते आकडे असे :

०, १, ४, ९, १६, ९, ४, १

ही झाली आठ पानं. हेच आकडे आणखी दोनदा घ्या, की २४ पानं पूर्ण. म्हणजे सिनेमातला बरोबर एक सेकंद! आता अंगठ्याने पानं भराभर सोडा. चेंडू टप्पे खाताना दिसेल.

मग दुसऱ्या वहीत असंच करा, पण आकडे घ्या ०, ४, ८, १२, १६, १२, ८, ४. पाहा काय फरक पडतो. हा चेंडू दोरीला बांधून कुणी खालीवर ओढत असल्यासारखा वाटेल. का बरं? खरा चेंडू खाली येताना सारख्या वेगाने येत नाही, त्याचा वेग वाढत जातो. ०, १, ४, ९, १६ या आकड्यांमधली अंतरं काढा : १, ३, ५, ७. बघा, वाढत गेली ना? अहो, तुम्ही आत्ता जे केलंत, तेच त्या मॉस्कोच्या मंडळींनी केलं. फक्त त्यांचं गणित मोठं होतं आणि चेंडूच्या जागी मांजर होतं.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मूल मुंग्यांच्या रांगेकडे किंवा भिंतीवरच्या पालीकडे अर्धा तास बघत बसलं, तर "काय रिकामटेकडा बसलायस" असं म्हणण्याआधी क्षणभर थांबा. काय दिसलं ते त्याला विचारा. वर्गात माझी झाली तशी घाई तुम्ही करू नका.

जाता जाता आमच्या वर्गात पुढे काय झालं ते सांगते. सोमवारी मी मुलांना ही सगळी गोष्ट सांगितली आणि विचारलं, "मांजर आधी कोणता पाय उचलतं?" वर्ग चिडीचूप. मग एकदम गलका! कुणी म्हणे पुढचा उजवा, कुणी म्हणे दोन्ही पुढचे एकदम. शेवटी ठरलं, चार दिवस निरीक्षण करायचं.

शुक्रवारी तो मुलगा आला. हातात शनिवारचाच कागद, पण आता भरलेला. त्यावर चार रकाने होते : मा. डा., पु. डा., मा. उ., पु. उ. आणि खाली नुसत्या टिंबांच्या रांगा. रोज संध्याकाळी दुधाची वाटी लांब ठेवून तो मांजराच्या बाजूने रांगत गेला होता म्हणे!

"बाई, ते सावकाश चालताना आधी मागचा पाय उचलतं, मग त्याच बाजूचा पुढचा. मग दुसऱ्या बाजूचा मागचा, आणि मग त्याचा पुढचा. आणि बाई, मोरीपाशी ओल्यातून गेलं ना, तर मागचा पाय पुढच्याच्या ठशावरच पडतो!"

मुलांना पटेना. मग काय, सगळा वर्ग व्हरांड्यात रांगायला लागला. मीही पदर खोचला. आमचे मुख्याध्यापक तेवढ्यात तिथून चालले होते. ते थांबले, आमच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेले!

त्याच्या कागदावर मांजर अजूनही नव्हतं. पण मांजराचं चालणं होतं, अगदी बरोबर. मी त्यावर 'अ' श्रेणी लिहिली आणि तो कागद फळ्याशेजारी लावला.

आता तुमची पाळी. शेळी कशी चालते? कुत्रा चालताना आणि पळताना पायांचा क्रम तोच राहतो की बदलतो? नीट बघा, चार रकाने आखा, टिंबं मांडा आणि तुमच्या वर्गातल्या बाईंना किंवा गुरुजींना दाखवा.

तर मग भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमच्या बाई